पान सत्तावीस

खोली नं. २७, सातेरी चाळ,
मुलुंड (पश्चिम)
१९ ऑगस्ट १९८४

प्रेमा,

‘चिरंजीव’ लिहायला पेन टेकवलं होतं, पण तो शब्द लिहायचा हक्क मी स्वतःच घालवलाय, म्हणून नुसतं प्रेमा. समेट करायला लिहितोय असं समजू नकोस. एक काम निघालं म्हणून लिहितोय.

पाच रस्त्याजवळच्या लायब्ररीचं पोस्टकार्ड आलं. तुझ्या नावावर दोन कादंबऱ्या मे महिन्यापासून आहेत, त्या आणून द्याव्यात. मी तुझ्या आईला ते वाचून दाखवलं. तांदळाच्या डब्यामागून दोन पुस्तकं काढून तिने माझ्यासमोर ठेवली आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. तुझं नाव या घरात घ्यायचं नाही अशी मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातलीय. बाई शब्दाची पक्की. तीन महिन्यांत एकदाही चुकली नाही.

पुस्तकं तशीच नेऊन टाकणार होतो. पण गिरणीच्या लूमखात्यात पंचवीस वर्षं काढली, माल तपासल्याशिवाय पुढे द्यायची सवय नाही. म्हणून एक उघडली, ‘कोडाईकनालचा पाहुणा’. दोन दिवसांत संपवली, तीही रागाच्या भरात. म्हटलं, बघू तरी आपली पोरगी कशाच्या नादानं बिघडली.

हे वाचायचीस तू? त्या विक्रमचा म्हणे कारखाना आहे. एकशे नव्वद पानांत तो कारखान्यात एकदाही गेला नाही. कामगार कुठे आहेत, युनियन आहे की नाही, कशाचा पत्ता नाही. हा सदा दरीकडे बघत उभा. ती मोहिनी पांढरी साडी नेसून चिखलातून चालते आणि साडी शेवटपर्यंत पांढरी. धुतं कोण? बंगल्याला स्वयंपाकघर आहे, पण तिथे कोणी फोडणी देत नाही. आणि त्यातला बाप. तो आधी घराण्याची इभ्रत वगैरे बोलतो, एकशे सत्तराव्या पानावर त्याला हार्ट अटॅक येतो आणि एकशे ऐंशीव्या पानावर तो दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. दहा पानांत विषय मिटला.

तुला काय वाटलं, मीही तसाच निघेन? मला ना बंगला, ना घराणं. माझं कारण साधं होतं. तो चंद्रप्रकाश आपल्यातला नाही, आपल्या मुलखातला नाही, त्याची भाषा तुझ्या आईला कळत नाही. एवढंच. दुसरं काहीही नाही.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. त्यामुळे हे पत्र पाठवायचा प्रश्न येत नाही. ट्रंकेत ठेवतो.

गुणाजी


४ नोव्हेंबर १९८४

प्रेमा,

दुसरीही वाचली आणि मगच दोन्ही परत केल्या. लायब्ररीचा मालक विद्याधर सभ्य माणूस दिसला. चाळिशीचा, जाड चष्म्याचा. मला म्हणाला, ‘काका, प्रेमाताई बऱ्या आहेत ना? हल्ली येत नाहीत.’ मी म्हटलं, बदली झाली. तू औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायचीस, तिथून कसली बदली होणार, पण त्याने पुढे विचारलं नाही.

पुस्तक परत घेताना त्याने सत्ताविसावं पान उघडलं आणि हसला. पानाच्या नंबराखाली पेन्सिलनं एक आडवी रेघ आणि तिच्यावर दोन टिंबं. ‘ही प्रेमाताईंची खूण,’ म्हणाला. मग त्याने मला सगळं समजावून सांगितलं. कादंबऱ्यांची नावं एकसारखी, आत माणसं एकसारखी, वरून सगळ्यांना खाकी कव्हरं. वाचलेलीच पुन्हा घरी जाऊ नये म्हणून बायका आपलं एक पान ठरवतात आणि वाचून झालं की त्या पानावर खूण करून ठेवतात. कुणाचं अकरावं, कुणाचं पन्नासावं. कुणाची फुली, कुणाचं स्वस्तिक. पुस्तक नेताना आधी आपलं पान बघायचं, खूण दिसली की ठेवून द्यायचं. विद्याधर म्हणाला, ‘मी कधी खोडत नाही. खोडलं तर माझी गिऱ्हाइकंच माझ्याशी भांडतील.’

तुझं पान सत्तावीस. आपल्या खोलीचा नंबर. हे कळल्यावर मला काय झालं सांगता येत नाही. मी कपाटाजवळ गेलो आणि हाताला येईल त्या पुस्तकाचं सत्ताविसावं पान बघत सुटलो. दहातली चार तुझी निघाली. बावीस वर्षं दहा बाय बाराच्या एका खोलीत आपण तिघं राहिलो, आणि तू एवढं वाचलंयस हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तू दिव्याखाली बसून कंपनीचं काहीतरी लिहितेस.

तुझं कार्ड मी चालू ठेवलंय. तुझी खूण असेल तेवढीच पुस्तकं घेणार. बाकीच्यांशी मला काय करायचंय?

गुणाजी


१७ फेब्रुवारी १९८५

प्रेमा,

गिरणी उघडत नाही, हे आता मीही मान्य केलंय. स्टेशनच्या अलीकडे नवीन सोसायटी झाली, तिथे वॉचमन म्हणून लागलो. दिवसपाळी. खुर्ची आहे, पंखा नाही. गाड्या येतात तेव्हा फाटक उघडायचं आणि उरलेल्या वेळात तुझ्या कादंबऱ्या वाचायच्या.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या माणिकबाईंनी पकडलं. मी पुस्तकावर वर्तमानपत्र धरलं होतं, पण खालून खाकी कव्हर दिसत होतं. ‘काय वाचताय काका?’ मी म्हटलं, पोथी. त्या हसल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन हळूच म्हणतात, ‘ती पोथी संपली की मला द्याल का? मागच्या वेळी मला मिळालीच नाही.’ अख्ख्या मुलुंडमध्ये बायका हेच वाचतायत, आणि मी समजत होतो की माझ्याच घराला कीड लागली.

आतापर्यंत एकोणीस झाल्या. त्यातल्या चौदांमध्ये बापाला हार्ट अटॅक येतो. एकदा आला की मुलगी कुठेही असली तरी येते. काश्मीरला असली तरी येते, भिजलेली येते, आणि बाप डोळे उघडून म्हणतो, ‘बाळ, आलीस?’ मागच्या आठवड्यात माझ्या छातीत जळजळलं. तुला खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो डॉक्टरचा नाही. आला असा, की आता हिला कोणीतरी कळवेल. नंतर दोन ढेकर आले आणि बरं वाटलं. पित्त होतं. बरं वाटल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

एक वेगळं पुस्तक मिळालं, ‘खिडकीतली बाई’. नवीन धर्तीचं असावं. त्यात एक बाई नवऱ्याला सोडते आणि खिडकीत बसून विचार करते. दोनशे पानं विचार करते. ना कुणी येतं, ना कुणी जातं. शंभर पानांनंतर मी चिडून मोठ्यानं म्हटलं, अगं ऊठ, कुणाला तरी पत्र टाक, कुणाच्या तरी दारात जा, नुसती बसतेस काय. आणि मग माझं माझ्याकडे लक्ष गेलं. तू गेल्याला नऊ महिने झाले, आणि मी इथे फाटकाजवळ, खुर्चीवर, काय करतोय?

त्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या पानावर तुझी रेघ नेहमीपेक्षा जोरात ओढलेली आहे. मागच्या पानावर उमटलीय. तेव्हा घरात काय चाललं होतं, मी काय बोललो होतो, ते आठवायचा प्रयत्न करतोय.

गुणाजी


२२ डिसेंबर १९८५

प्रेमा,

तुझी पुस्तकं संपली. विद्याधरला मदतीला घेऊन दोन रविवार सगळी कपाटं पालथी घातली. एकूण त्र्याहत्तर. शेवटचं आठ दिवस पुरवून पुरवून वाचलं, शेवटची पानं तर दिवसाला दोन.

आता पुढे काय वाचायचं हा प्रश्न पडला. सवय लागलीय. विद्याधर म्हणाला, ‘नवीन आलेली न्या की काका, प्रेमाताईंनी वाचली नसतील ती.’ त्याला वाटतं मी हे सहज वाचतो. नवीन दोन घेऊन आलो.

तुझी आई मला हल्ली जास्त त्रास देत नाही. पुस्तक संपून पडलं की म्हणते, ‘द्या हयसर. मी परत करतंय. तुमका डुटी आसा.’ तिला सहीपुरती अक्षरं येतात, पण पुस्तक फडक्यात गुंडाळून नेते. महिन्यातून दोनदा तिच्या बहिणीकडे मालाडला जाते. सुगंधाचे गुडघे धरलेत म्हणे.

दिवाळीला कंदील लावला नाही. का ते विचारू नकोस.

गुणाजी


६ एप्रिल १९८६

प्रेमा,



मी चूक केली. जी चूक होऊ नये म्हणून तुम्ही बायका खुणा करता, तीच. मार्चमध्ये एक कादंबरी घेतली, ‘केतकीचा निर्णय’. पाच पानं वाचून झाल्यावर लक्षात आलं की ही आपण जानेवारीत वाचलीय. तीच केतकी, तोच लष्करातला मेजर. माझी स्वतःची खूण नाही, कारण मला कधी गरज वाटली नव्हती. माझी खूण म्हणजे तुझीच. चिडून पुस्तक मिटणार होतो, पण पान बघायची सवय. सत्ताविसावं उघडलं.

आडवी रेघ. दोन टिंबं.

जानेवारीत ती नव्हती. मी कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी तेच पान बघतो, पोथीला नमस्कार करावा तसा. पान कोरं होतं, याचं वाईट वाटून घेतच मी ते वाचायला घेतलं होतं. आणि पुस्तक गेल्याच वर्षाअखेर छापलेलं. मी ते वाचून तुझ्या आईकडे परत करायला दिलं होतं.

तिथे खुर्चीवर बसूनच सगळं समजलं. तुझी आई पुस्तकं आधी मालाडला नेत असणार, आणि तिथे सुगंधा तर अंगठा करते, माझी मेव्हणी, मला ठाऊक नाही का? आणि दर खेपेला पुस्तक आठ दिवस उशिरा पोचतं असं विद्याधर म्हणालाही होता. शनिवारी तुझी आई निघाली तेव्हा पिशवीतून खाकी कव्हर डोकावत होतं. विचारलं, ‘पुस्तक खय घेऊन चललंस?’ तिचा चेहरा उतरला. पण लगेच सावरून म्हणाली, ‘सुगंधेक होया वाचूक.’

मी म्हणू शकलो असतो, सुगंधा कधीपासून वाचता? मी म्हटलं, ‘बरा. पानां मुडपू नको म्हणान सांग तेका.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर उघडला.

म्हणजे तू मालाडच्या बाजूला कुठेतरी आहेस. जिवंत आहेस, वाचतेयस, आणि दोन वर्षांनंतरही तुझं पान सत्तावीसच आहे.

गुणाजी


१५ जून १९८६

प्रेमा,

हे पत्र ट्रंकेत जाणार नाही. घडी करून पुस्तकाच्या खाकी कव्हरच्या आत, मागच्या बाजूला सरकवतोय. पुस्तक मी तुझ्यासाठी निवडून आणलंय. त्यात कुणाला हार्ट अटॅक येत नाही.

त्या दिवशीचं लिहायचंय. तू पिशवी घेऊन जिन्यात उभी होतीस. मी म्हटलं, ‘आजपासून तू माका मेलंस.’ एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या, माणसं बघत होती, आणि मी बादली उचलून सामाईक नळावर गेलो. अंगावरच्या कपड्यांनिशी तुझ्या नावानं आंघोळ केली. डोक्यावरून पाणी घेतलं तेव्हा वाटलं तू निघून गेली असशील. डोळे पुसून बघितलं तर तू पहिल्याच पायरीवर होतीस. पूर्ण बघितलंस तू. कुंदा तिच्या दारातून मला म्हणाली, ‘काका, अवो ती हय उभी आसा.’ आणि तरी मी दुसरी बादली घेतली.

शपथ घातली तर ‘सुटली’ म्हटल्यावर सुटते. जिवंत माणसाच्या नावानं केलेली आंघोळ कशी सोडवायची, हे मी इथल्या भटजींना विचारलं, गावच्या गुरवाला पत्र टाकून विचारलं. त्यांच्याकडे मेलेल्यांसाठी सगळं आहे. याच्यासाठी काही नाही.

आणि ट्रंकेत पडलेल्या पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. चंद्रप्रकाश घरी आला होता, पेढे घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. मोडक्या मराठीत बोलला, पण रीतीनं बोलला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो आपल्यातला नाही हे कारण चाळीला पटणारं होतं, म्हणून तेच पुढे केलं. खरं कारण हे, की संप होऊन दोन वर्षं झाली होती आणि घर तुझ्या पगारावर चाललं होतं. तू गेलीस तर आपलं कसं होणार, ही भीती होती. ते कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून जात काढली, मुलूख काढला, तुझ्या आईची भाषा काढली.

शंभराच्या वर कादंबऱ्या वाचल्या मी. बाप रागीट असतात, श्रीमंत असतात, दारुडे असतात. पोरीच्या पगारासाठी तिचं लग्न मोडायला बसलेला, आणि त्याला इभ्रत म्हणणारा बाप एकाही पुस्तकात नाही. लिहिणाऱ्यांना सुचला नसेल, किंवा त्यांना लाज वाटली असेल.

मी उत्तर मागत नाही. वाचलंस एवढं कळलं तरी खूप झालं.

तुझा बाबा


३ ऑगस्ट १९८६

प्रेमा,

तुझ्या आईनं पुस्तक लायब्ररीत परत दिलं त्याच दिवशी, ड्युटी सुटल्यावर धावत गेलो. कपाटातून काढलं. सत्ताविसाव्या पानावर खूण होती. म्हणजे तू वाचलंस.

मागचं कव्हर उलटलं. पत्र तिथेच होतं. मी घातलेल्याच घडीत.

तुला ते दिसलंच नाही का? दिसलं आणि वाचून परत तसंच ठेवलंस का? की माझं अक्षर बघितलंस आणि न उघडता आत सरकवलंस? घरी येऊन मी ती घडी दिव्यापुढे धरून बघितली, कुठे बोट लागल्यासारखं दिसतं का. काही कळत नाही.

तुझ्या आईला विचारावं तर तिच्यावर माझीच शपथ आहे. ‘सुटली’ म्हणायचं म्हणजे आधी तुझं नाव काढायचं. मग ती विचारणार, तुमका कधीपासून ठावक? आणि मग तिला वाटणार की आता हा माणूस मालाडला जाऊन तमाशा करणार, आणि ती आहे तीही वाट बंद करणार. एकदा तिच्या मागोमाग बसस्टॉपपर्यंत गेलो होतो. ती बसमध्ये चढली. मी पानाच्या गादीच्या आडोशाला उभा राहिलो. मी दारात आलो तर तुला माझा चेहरा दिसणार नाही, तो नळच दिसणार. परत आलो.

आता एवढंच करतो, पुस्तकं नीट निवडतो. शेवट वाईट असेल ते घरी आणत नाही. दरीत उडी मारणाऱ्या, विष घेणाऱ्या सगळ्या मी कपाटातच ठेवतो.

तुझा बाबा


८ मार्च १९८७

चि. प्रेमा,

आधी कामाचं. हे पत्र मी कव्हरमध्ये लपवणार नाही. सरळ सत्ताविसाव्या पानात ठेवून पुस्तक तुझ्या आईच्या हातात देणार आहे, आणि तिच्याशी बोलणारही आहे. बोलणारही आहे असं लिहिलंय खरं, पण आज चौथा दिवस. ती भाकऱ्या थापायला बसली की मी समोर बसतो. ‘सुटली’ एवढा एकच शब्द म्हणायचा. तो ओठापर्यंत येतो आणि मी म्हणतो, चाय ठेव. काल तीन वेळा चहा झाला. तिनं विचारलं, ‘तुमका बरा नाय काय?’ म्हटलं, बरा आसा.

झालं असं. बुधवारी लायब्ररीत गेलो तर विद्याधर गंभीर. गेल्या खेपेचं पुस्तक त्याने बाजूला काढून ठेवलं होतं. ‘काका, तुम्ही पुस्तकं इतकी जपून वापरता म्हणून काही बोलत नाही, पण हे बघा.’ आणि त्याने सत्ताविसावं पान माझ्यापुढे धरलं.

पानाच्या नंबराखाली तुझी रेघ होती. नेहमीसारखी सरळ सुरू झालेली. टिंबं नव्हती. रेघ संपते तिथे पेन्सिल कोणीतरी तुझ्या हातातून ओढून घेतलेली. तिथून गोल, गोल, गोल, छापलेल्या ओळींवरून, समासातून बाहेर, पार पलीकडच्या पानावर. एका जागी एवढा जोर दिलाय की कागद फाटलाय. आणि खालच्या कोपऱ्यात एक डाग, हळदीच्या बोटाचा. वरणभाताचा असणार. इवलंसं बोट. माझ्या करंगळीच्या नखाएवढं.

मी किती वेळ बघत होतो मला माहीत नाही. माझ्यामागे बायका उभ्या होत्या. विद्याधरने खोडरबर घेतलं, म्हणाला, ‘निघेल बहुतेक.’ मी त्याचा हात धरला. जरा जोरातच धरला असावा. म्हटलं, ‘खोडू नका.’

‘अहो काका, पुढच्यांना वाचता यायला नको?’

‘मी हे घेऊन जातो. माझ्या कार्डावर लिहा.’

त्याने खोडरबर खाली ठेवलं आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. ‘पण केलं कुणी हे?’

प्रेमा, तीन वर्षांत मी तुझं नाव उच्चारलेलं नाही. चाळीत कुणी विषय काढला तर उठून जातो. तिथे त्या काउंटरपुढे, सगळ्या बायकांसमोर, मी म्हटलं, ‘आमच्याच पोरानं. प्रेमाच्या.’

विद्याधरचा चेहरा एकदम खुलला. त्याला बिचाऱ्याला यातलं काय माहीत. म्हणाला, ‘प्रेमाताईंना बाळ झालं? आणि तुम्ही आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत? आजोबा झालात की.’ मागच्या दोघी-तिघी ओळख नसताना हसल्या, एकीनं तर पेढे मागितले. आजोबा हा शब्द मी माझ्यासाठी पहिल्यांदा ऐकला तो असा, रांगेत उभं राहून.

हे पान मी आता पाठ केलंय. डावीकडून सुरू होतं म्हणजे उजव्या हाताचं असेल, असा माझा अंदाज. पेन्सिल मुठीत धरत असणार. दीड वर्षाचं असेल, फार तर पावणेदोन. चालत असेल. बोलत असेल तर तुझ्यासारखं बोलतं की त्याच्यासारखं, मला काही माहीत नाही. तुझ्या आईला सगळं माहीत आहे. दर दुसऱ्या शनिवारी ती त्याला मांडीवर घेऊन येते आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून सुगंधाच्या गुडघ्यांबद्दल सांगते. तिच्या पदराला गेले काही महिने पावडरचा वास येतो. मला वाटायचं, म्हातारपणी हिला ही काय हौस सुटली.

मी तिला दोष देत नाही. दोष द्यायला मला जागाच नाही. तू दार उघड असंही म्हणत नाही. मी केलेली आंघोळ धुऊन निघायची नाही, ती माझ्या अंगावर राहणार. फक्त एकच विचारतो, आणि त्याचं उत्तर तुला वेगळ्या कागदावर लिहायचीही गरज नाही. पुढच्या पुस्तकात, त्याच पानावर, तुझ्या टिंबांशेजारी लिही, पेन्सिलनं, बारीक. मी कुणाला खोडू देणार नाही.

कारण विद्याधरने पुस्तक माझ्या कार्डावर लिहिलं, ते माझ्या हातात दिलं, आणि हसत विचारलं, ‘नात की नातू, काका?’

मी म्हटलं, ‘विचारून सांगतो.’

तुझा बाबा